दोनदा सांगणारा माणूस

आमच्या ह्यांनी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगितली. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायची नोकरी होती. काचेची एवढीशी खोली, समोर माईक, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि दिवसभर चालू: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." तिथला नियमच तसा, एकदा सांगून थांबायचं नाही. पहिल्यांदा माणूस नुसती मान वर करतो, दुसऱ्यांदा त्याच्या डोक्यात शिरतं, असं ह्यांचं म्हणणं. बरं, नोकरी आहे, करा बापडे. पण हे तो नियम घरी घेऊन आले! "आमटीत मीठ कमी आहे. आमटीत मीठ कमी आहे." अहो, कळलं, मी काय चार नंबरच्या फलाटावर उभी आहे का?

आवाज मात्र असा, की स्टँडच्या पलीकडच्या चहावाल्याला गाडीच्या वेळा तोंडपाठ झाल्या होत्या. सगळे ह्यांना भोंगा म्हणायचे. मी बाजारात गेले की भाजीवाली विचारायची, "काय भोंगेबाई, आज काय देऊ?" मला राग यायचा, असं मी दाखवायची.

आणि एवढा आवाज असलेला माणूस भित्रा किती म्हणून सांगू! जिना उतरताना कठडा धरतील, मग कठडा पक्का आहे ना म्हणून हलवून बघतील. औषधाच्या गोळीवरची तारीख चष्मा लावून वाचतील, चष्मा पुसून पुन्हा वाचतील. घराबाहेर पडायचं म्हणजे तर माझ्या डोक्याला ताप. मी चपला घालून दारात उभी, आणि ह्यांची घोषणा सुरू. "गॅस बंद? गॅस बंद?" बंद. "नळ बंद? नळ बंद?" बंद. मग इस्त्री, कारण मी घरी कपडे शिवते, फिटिंगचं काम करते, माझी इस्त्री दिवसभर तापलेली असते. मग मागचं दार. मग किल्ली. एवढं सगळं विचारून, मी सगळ्याला हो म्हणून, पुन्हा स्वतः आत जाऊन बघून येणार ते वेगळंच. एकदा माझ्या भाचीच्या लग्नाला निघालो होतो, अर्ध्या रस्त्यातून गाडी फिरवली. घरी येऊन बघतात तर गॅस बंद. मग म्हणाले, "बघ, बंदच होता." पुन्हा निघून मांडवात पोचलो. लग्न लागून गेलं होतं, लोक जेवत होते.

मला स्वतःला भीती हा प्रकार माहीत नव्हता. घरात कुणीतरी एकजण दोघांच्या वाटची भीती घेऊन बसलं की दुसऱ्याला मोकळं राहता येतं. हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

नोकरीतून मोकळे झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आवाज बसला. आधी मीच चिडवलं, "भोंग्याला गंज चढला." मिठाच्या गुळण्या झाल्या, वाफ झाली, काढे झाले. आवाज काही सुटेना. मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर, मग ते नळी घालून बघणं. मोठ्या डॉक्टरनं कागदावर घशाचं चित्र काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाला, "इथून काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही." ह्यांनी विचारलं, "राहणार नाही?" आणि पुन्हा विचारलं, "राहणार नाही?" त्या वेळी मी टोकलं नाही.

आमची लेक दूर असते, नोकरीला. ती धावत आली ती एक कॉम्प्युटर घेऊनच. तिच्या ऑफिसनं जुने काढून टाकले होते, त्यातला एक. म्हणाली, "बाबा, ऑपरेशनच्या आधी जेवढं जमेल तेवढं बोलून ठेवा. काहीही बोला. आज नाही तर उद्या त्याचा उपयोग होईल." ह्यांनी यंत्राला चारही बाजूंनी हात लावून बघितला. "आमचा जुना होता तो केवढा घरघर करायचा. हा चालू आहे का?"

"चालू आहे, बाबा. ह्यात सगळं साठवायला एसएसडी आहे. आत फिरणारं काही नाही, त्यामुळे आवाज नाही. धक्का लागला तरी काही होत नाही."

"जुना मरायच्या आधी महिनाभर कुरकुरत होता," हे म्हणाले. "म्हणून तर आपण त्यातले फोटो काढून घेतले. हा आवाजच करत नाही, तर मरताना कळणार कसं?"

लेक हसली. मीही हसले. म्हटलं, झालं ह्यांचं सुरू.

माझी शिवणाची खोली ह्यांनी ताब्यात घेतली. खिडकीला गोधडी टांगली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, मशीन चालवायला मला बंदी. आत बसून पेपर वाचायचे, बाराखडी म्हणायचे, शंभरापर्यंत आकडे, नोकरीतल्या सगळ्या घोषणा. लेकीला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टीही सांगून ठेवल्या. आवाज फाटत होता, मधेच खोकला यायचा, थांबून पाणी पिऊन पुन्हा सुरू. मी बाहेर स्वयंपाकघरात कानोसा घेत बसायची. पोळी तव्यावर करपायची आणि मला कळायचं नाही. एक दिवस मात्र मला भली मोठी यादी देऊन मुद्दाम बाजारात पिटाळलं. यादीत लोणच्याची बरणी होती, घरात दोन रिकाम्या असताना. मी म्हटलं असेल काहीतरी, माणूस घाबरलेला आहे, वाद नको.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्याला खाली एक भोक, त्यातून श्वास, त्यावर मी शिवलेला मऊ कापडाचा पडदा. बोलायचं असेल तर पाटीवर लिहायचं, शाळेतली असते तसली पाटी, गळ्यात दोरीनं अडकवलेली. आणि मला हाक मारायची तर जे हाताशी असेल त्यावर टकटक. दोनदा. ताट असलं तर ताटावर, भिंत असली तर भिंतीवर. एकदा मी त्या खोलीत त्यांनी बोलून ठेवलेलं लावून दाखवायला गेले, ह्यांना बरं वाटेल म्हणून. स्वतःचा आवाज ऐकला आणि ह्यांचा चेहरा असा झाला की मी घाईघाईनं बटण बंद केलं. त्यानंतर ते कधी लावलं नाही.

पुढे थोड्याच दिवसांत त्या कॉम्प्युटरचा पडदा गेला, दुरुस्त होण्यासारखा राहिला नाही. दुकानदारानं आतली ती एसएसडी काढून हातात दिली. साबणाची पातळ वडी असावी एवढीशी वस्तू. सगळा आवाज म्हणे ह्यात. जाता जाता तो बोलून गेला, "ह्याच्यावर लिहिण्याला मर्यादा असते बरं का. जेवढी वापराल तेवढी झिजते."

झालं! त्या माणसानं एवढंच सांगितलं, आणि आमच्या ह्यांनी तेवढंच धरलं. वापरली की झिजते, म्हणजे वापरायचीच नाही. मी म्हटलं, "अहो, सगळं दोनदा करता ना? मग ह्याची दुसरी प्रत करून ठेवा." पाटीवर उत्तर: 'करताना बिघडली तर?' लेक फोनवर म्हणाली, बाबा, इंटरनेटवर चढवून ठेवते, तिथे काही होत नाही. पाटीवर: 'कुणी माझा आवाज चोरून बँकेत फोन केला तर?' आता काय बोलणार कपाळ! गॅस दोनदा, किल्ली दोनदा, मीठ दोनदा, आणि जी एकच गोष्ट दोनदा करायला हवी होती ती ह्यांनी एकदाच ठेवली.

ठेवली ती कशी म्हणाल तर रेशमी रुमालात गुंडाळून, वर कापूस, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि हे सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा माळ्यावर, अगदी पत्र्याला लागून. खाली पाणी शिरलं तर तिथे पोचणार नाही, चोर तिथे चढणार नाही, असा विचार. वरचा पत्रा उन्हाळ्यात असा तापतो की मी माळ्यावर मेणबत्त्या ठेवल्या होत्या, त्या वाकून गेल्या. पण तो विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. वर्षं गेली. डबा होता तिथेच होता, आणि तो आहे एवढ्यावर हे निर्धास्त होते. आयुष्यात ह्याच एका गोष्टीबद्दल निर्धास्त!

नात झाली, वाढली, बोलायला लागली. ह्यांना डॉक्टरांनी एक छोटं यंत्र दिलं होतं, गळ्याला लावलं की घूं घूं असा सपाट आवाज येतो, तोंड हलवलं की त्याचे शब्द होतात. नात पहिल्यांदा समजण्याएवढी होऊन घरी आली तेव्हा ह्यांनी ते गळ्याला लावून तिला नावानं हाक मारली. पोर किंचाळली आणि आईच्या पदरात घुसली. नंतरही ह्यांनी हाक मारली की ती भिंतीला चिकटून उभी राहायची. शेवटी ह्यांनी ते यंत्र धुवून पुसून खोक्यात घातलं आणि खोकं कपाटात सर्वांत मागे ढकललं. लहान पोरीवर रागावणार तरी कसं?

आणि मग गेल्या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. आनंदानं नुसती ओरडत होती. "आई, आता होतंय! बाबा मोबाईलवर लिहितील आणि मोबाईल त्यांच्याच आवाजात बोलेल. त्यांच्याच! फक्त अर्धा तास नीट वाचलेलं हवं. बाबांनी तर केवढं वाचून ठेवलंय. तो डबा काढा, आम्ही महिनाअखेरीस येतोय."

ह्यांनी फोनवर कान लावून ऐकलं. शिडी लावली. मी म्हटलं, मी चढते, तर मानेनं नाही. स्वतः चढले, कठडा नसलेल्या शिडीवर! डबा छातीशी धरून उतरले. झाकण उघडलं, रुमाल सोडला. वस्तू जशीच्या तशी, डाग नाही की ओरखडा नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, बघ कशी जपली, असं. मला पाटीची गरज लागली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला जिन्याखाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक चष्मेवाली मुलगी चालवते. कमी बोलते, काम स्वच्छ. तिनं ती वडी एका वायरला लावली आणि आम्ही तिघं पडद्याकडे बघत बसलो. काही नाही. वायर बदलली. काही नाही. तिनं विचारलं, "ही केव्हापासून बंद आहे?"

मी म्हटलं, "नात शाळेत जायला लागली, बघ. तिच्या जन्माच्या आधीपासून."

"एकदाही वीज दिली नाही?"

"अगं, झिजू नये म्हणून जपून ठेवली होती. माळ्यावर, डब्यात."

"माळा गरम असतो?"

मी मेणबत्त्यांचं सांगितलं. तिनं चष्मा काढला आणि डोळे चोळले. मला तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट आहे. डॉक्टरनंही त्या चित्रावर रेघ मारायच्या आधी उगाच पेन हातात फिरवलं होतं.

"मावशी, ह्याच्या आत खूप बारीक कप्पे असतात," ती म्हणाली. "प्रत्येक कप्प्यात जराशी वीज कोंडलेली असते. काकांचा आवाज म्हणजे तीच. मधूनमधून चालू केलं तर यंत्र ती सावरून घेतं. वर्षानुवर्षं बंद राहिलं, त्यात अशी उष्णता, त्यात ही आधीच ऑफिसात पुष्कळ वापरलेली, म्हणजे कप्पे झिजलेले. ती वीज हळूहळू गळून जाते."

"सगळ्यांचीच जाते?"

"नाही हो. पुष्कळ टिकतात. नवी असती, कपाटात गार जागी असती तर मी गप्पा मारत उघडली असती. हिचं मला सांगता येत नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलंच नाही. माझी हिंमत झाली नाही. कानावर फक्त त्या गळ्यातल्या भोकातून येणारा श्वास, भराभर, शिट्टीसारखा. आयुष्यभर ज्या माणसाला पाणी, चोर, आग, बँक सगळ्यांची धास्ती, त्याचं नुकसान केलं कुणी, तर त्याच्याच जपणुकीनं.  

चष्मेवालीनं ती तशीच वीज देऊन ठेवली. म्हणाली, उद्या बघू. रात्री हे जेवले नाहीत. मीही बळेबळे घास ढकलला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही जिन्याखाली हजर. तिनं कुलूप काढलं, पडदा लावला, आणि आली! पडद्यावर यादी आली. 'वाचन', 'गोष्टी', आणि खाली तिसरं, 'बाहेर जाताना'. मी आनंदानं टाळी वाजवली तेवढ्यात यादी नाहीशी झाली. मग पुन्हा आली.

"हलू नका," ती म्हणाली. आम्ही हललो काय आणि नाही काय, पण दोघंही पुतळ्यासारखे. "ही केव्हा बसेल सांगता येत नाही. सगळं एकदम ओढायला गेले तर मधेच जाईल. एकेक करून काढते. सांगा, आधी काय?"

ह्यात विचारायचं काय होतं? मी म्हटलं, "वाचन! वाचन काढ, बाळ. लेकीनं तेच सांगितलंय." 'वाचन' मिळालं की हे बोलणार, नात घाबरणार नाही, सगळा खेळ त्या अर्ध्या तासावर.

काउंटरवर टकटक झालं. दोनदा. ह्यांनी मान हलवली आणि पुढे होऊन पडद्यावर बोट टेकवलं. तिसऱ्या नावावर.

"अहो, काय करताय? वाचन!"

पुन्हा टकटक. बोट तिथेच. चष्मेवाली माझ्याकडे बघते, ह्यांच्याकडे बघते. वस्तू ज्याची, शब्द त्याचा. तिनं 'बाहेर जाताना' काढायला लावलं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. मधे थांबली.  पुन्हा सरकली. पोचली. "आलं," ती म्हणाली, आणि लगेच 'वाचन' वर गेली. पट्टी उमटली, जेमतेम हलली, थांबली. आम्ही वाट बघितली. मग यादीच गेली. तिनं वायर काढून लावली, दुसरं यंत्र लावलं, पुन्हा विजेवर ठेवली, किती दिवस ठेवली. पुढे मोठ्या ठिकाणी पाठवूनही बघितली, जिथे म्हणे हेच काम करतात. त्यांनीही परत पाठवली. पण खरं म्हणजे ती त्याच क्षणी संपली होती. ना कुरकुर, ना खट्, काही नाही. मरताना कळणार कसं, असं हे म्हणाले होते, आणि आम्ही मायलेकी हसलो होतो.

घरी आलो. दार लावलं आणि माझा तोल सुटला. "काय केलंत हे? एकच वेळ मिळाली होती, एकच! ती पोर तुम्हांला बघून भिंतीला चिकटते, तिच्याशी बोलायचं होतं ना तुम्हांला? मग ते सोडून कसलं मेलं बाहेर जाताना? काय आहे त्यात एवढं?" मी खूप बोलले. जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. समोरून एक शब्द येत नाही अशा माणसाशी भांडताना आपण फार पुढे निघून जातो, अडवायला कुणी नसतं.

हे खुर्चीत बसले. मग पाटी घेतली, सावकाश लिहिलं, माझ्याकडे वळवली. 'तिच्याशी बोलणारे पुष्कळ आहेत. तुला विचारणारं कोण आहे?'

मला अर्थ लागला नाही. चष्मेवालीनं ते माझ्या मोबाईलमध्ये घालून दिलं होतं. मी तिथेच, चपला पायात असताना लावलं.

आधी नुसती खरखर. गोधडीतला तो बसका, बंद खोलीतला आवाज. मग खोकला. आणि मग हे. "अगं. अगं, ऐक. गॅस बंद? गॅस बंद?" मग थांबले. नुसते नाहीत थांबले, मी उत्तर द्यायला जेवढा वेळ घेते तेवढे बरोबर थांबले. "नळ बंद? नळ बंद?" थांबले. "इस्त्री? प्लग काढलास? इस्त्रीचा प्लग काढलास?" आवाज फाटला, पाणी प्यायल्याचं ऐकू आलं. "मागचं दार? मागचं दार?" थांबले. "किल्ली घेतलीस? किल्ली पर्समध्ये आहे?" आणि शेवटी, "चल. सावकाश जा. सावकाश जा."

लोणच्याच्या बरणीसाठी मला बाजारात पाठवलं होतं तो दिवस. माणसाला वाटलं होतं आपण ऑपरेशनच्या टेबलावरून परत येत नाही. तेव्हा बायको एकटी घराबाहेर पडेल, आणि दारात तिला विचारायला कुणी नसेल, आणि ती बेफिकीर बाई तशीच निघून जाईल. ही त्यांची सगळ्यांत मोठी भीती. चोर नाही, आग नाही, मरणही नाही.  "बंद आहे हो," मी म्हटलं. "सगळं बंद आहे." टेबलावर टकटक झालं. मग मी रडले, आणि ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

महिनाअखेरीला लेक आली. तिनं ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाली, एवढ्याशावर नाही होणार आई, तुकडे आहेत, त्यात खोकला, त्यात आवाज फाटलेला. तिनं तरी प्रयत्न केला. जो आवाज तयार झाला तो कुणा परक्या माणसाचा, सर्दी झालेला. ते ऐकून ह्यांनी मानेनंच नको म्हटलं. तेव्हा मोबाईलमधून नातीशी बोलणं राहिलं ते राहिलंच. ती अजून त्यांच्या गळ्याकडे चोरून बघते. पण सगळे बाहेर निघालो तेव्हा दारात मी ते 'बाहेर जाताना' लावलं, आणि मोबाईलमधून 'नळ बंद?' आलं तेव्हा पोरीनं धावत जाऊन नळ बघितला आणि मोबाईलला नाही, ह्यांना ओरडून सांगितलं, "बंद!" ह्यांनी दारावर टकटक केलं. तिनंही केलं. तेवढं झालं. ते खूप झालं असं मी म्हणणार नाही.

आता त्या आवाजाच्या प्रती आहेत: माझ्या मोबाईलमध्ये, लेकीकडे, चष्मेवालीकडे, दोन पेनड्राइव्हवर, इंटरनेटवरही. बँकेचं काय व्हायचं ते होऊ दे. शिवायला कपडे घेऊन कुणी आलं तरी माझ्या तोंडून निघतंच, "फोटो कुठे ठेवलेत तुमचे? एकाच ठिकाणी नका ठेवू. एकाच ठिकाणी नका ठेवू." बायका एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. मी दर थोड्या दिवसांनी प्रत्येक प्रत लावून बघते, वाजते ना. वाजली की लगेच वाटतं, आत्ता वाजली, पण उद्या? ती वडी अजून रुमालात आहे. कधी हातात घेतली तर ती पूर्वीसारखीच दिसते, आणि तेच मला सहन होत नाही. बघून काही कळत नाही. ह्यांच्याकडे बघूनही कळत नाही. डॉक्टरांची तपासणी जवळ आली की मी ह्यांच्या श्वासाकडे कान लावून बसते, शिट्टी वेगळी येतेय का, आणि ती नेहमीसारखीच येते. दोघांच्या वाटची भीती आता माझ्याकडे आली आहे, आणि हे अलीकडे शांत झोपतात.

बाहेर पडताना मी रोज दारात ते लावते. मोबाईल विचारतो, "गॅस बंद? गॅस बंद?" मी म्हणते, "बंद." खरं तर मी बघितलेला नसतो. पूर्वी बघायची, आता मुद्दाम बघत नाही, आणि न बघितल्यासारखं म्हणते, तोंड दुसरीकडे करून. कारण मग ह्यांना राहवत नाही. हे चपला काढतात, कठडा नसलेल्या ठिकाणी भिंत धरतात, आणि आत जातात. मी दारात उभी राहून त्यांची पावलं ऐकते, स्वयंपाकघरापर्यंत जाणारी आणि परत येणारी. परत येईपर्यंत मी मोबाईल थांबवून धरते.